स्नॅपशॉट आहे हो, पण उतरवायचा कुठे?

“स्नॅपशॉट आहे ना? मग रिस्टोअर मार की!” म्हणजे डेटाबेसची जपून ठेवलेली प्रत आहे ना, मग ती पुन्हा उतरव. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता चिडत नाही, फक्त उलटे प्रश्न विचारते. कुठल्या सर्व्हरवर? तिथलं व्हर्जन काय? डिस्क किती मोकळी आहे? डेटा एन्क्रिप्टेड होता का, आणि असेल तर किल्ली कुणाकडे आहे? चौथ्या प्रश्नापर्यंत समोरचा “विचारून सांगतो” म्हणून निघून गेलेला असतो.

स्नॅपशॉट घेताना कुणालाच काही विचारलं जात नाही. एक बटण दाबा, हिरवी खूण दिसली की झालं. सगळ्या अटी बाहेर येतात त्या रिस्टोअरच्या वेळी, आणि त्यातल्या बहुतेक अटी त्या स्नॅपशॉटच्या नसतातच. ज्या सर्व्हरवर तो उतरवायचा, त्या सर्व्हरच्या असतात. आजची पोस्ट त्यावर. माझं बरंचसं आयुष्य एसक्यूएल सर्व्हर आणि पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये गेलंय, त्यामुळे उदाहरणं तिथलीच जास्त येतील. मायएसक्यूएलवाल्यांनी रागावू नये, तुमचाही नंबर लागेल.

आधी एक गोष्ट साफ करून घेऊ, कारण निम्मे वाद इथेच होतात. क्लाउड टीम स्नॅपशॉट म्हणते तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे अख्खी डिस्क किंवा अख्खा इन्स्टन्स (म्हणजे चालता डेटाबेस सर्व्हर) असतो. डेव्हलपर बऱ्याचदा साध्या बॅकअप फाइललाच स्नॅपशॉट म्हणतो. आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘डेटाबेस स्नॅपशॉट’ नावाची तिसरीच गोष्ट आहे, जिचा या दोघांशी काहीही संबंध नाही. या तिसरीपासून सुरू करते, कारण तिच्याबद्दलचे गैरसमज सगळ्यात महाग पडतात.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये ही सोय 2005 सालच्या आवृत्तीत आली. बरीच वर्षं ती फक्त एंटरप्राइझ एडिशनमध्ये होती. 2016च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून सगळ्यांना मिळाली. ती चालते कशी ते पाहिलं की तिच्या मर्यादा पाठ कराव्या लागत नाहीत. स्नॅपशॉट घेतला त्या क्षणी प्रत्यक्षात काहीच कॉपी होत नाही. एक विरळ फाइल तयार होते, म्हणजे जिचा आकार मोठा दिसतो पण डिस्कवर जी जागा जवळपास घेत नाही अशी. पुढे मूळ डेटाबेसमधलं एखादं 8 केबीचं पान पहिल्यांदा बदलायची वेळ आली की बदलाआधीचं पान त्या विरळ फाइलमध्ये नेऊन ठेवलं जातं. जे पान बदललंच नाही, ते वाचायचं झालं तर स्नॅपशॉट सरळ मूळ डेटाबेसच्या फाइलमधून वाचतो.

याचा अर्थ असा, की मूळ फाइल गेली की स्नॅपशॉटही गेला. डिस्क खराब झाली तर तो कामाचा नाही. तो मूळ डेटाबेसच्याच इन्स्टन्सवर असावा लागतो. दुसऱ्या सर्व्हरवर नेता येत नाही, त्याचा बॅकअप घेता येत नाही, तो डिटॅच करता येत नाही. विरळ फाइल ज्या डिस्कवर आहे ती भरली तर मूळ डेटाबेस चालू राहतो, पण स्नॅपशॉट ‘सस्पेक्ट’ होतो आणि टाकूनच द्यावा लागतो. तरीही मला दर थोड्या दिवसांनी कुणीतरी विचारतंच, “प्रॉडक्शनवरचा स्नॅपशॉट टेस्ट सर्व्हरवर रिस्टोअर करून देशील का?” नाही देणार. म्हणजे द्यायची इच्छा आहे, पण त्यात उचलून न्यावं असं काही नाहीच.

त्याचा खरा उपयोग एकच: काहीतरी धोक्याचं करायच्या आधी घ्यायचा, आणि बिघडलं तर त्याच डेटाबेसला मागे न्यायचं. इथेही अटी आहेत. मी पाहिलेला एक रिलीज सांगते. त्या टीमने दर स्क्रिप्टच्या आधी एक स्नॅपशॉट घेतला होता, सावधगिरी म्हणून. शेवटची स्क्रिप्ट फसली. रिव्हर्टची, म्हणजे डेटाबेस मागे न्यायची, आज्ञा दिली तर सर्व्हरने 3137 क्रमांकाची एरर तोंडावर मारली. संदेशाचा मथितार्थ असा, की एक तर नावं चुकलीत, किंवा बाकीचे स्नॅपशॉट काढलेले नाहीत, किंवा फाइल गायब आहेत. नियम असा आहे की रिव्हर्ट करताना त्या डेटाबेसचा एकच स्नॅपशॉट शिल्लक असला पाहिजे. म्हणजे जास्त सावध राहायला घेतलेले सगळे स्नॅपशॉट रात्री उशिरा, कॉलवर दहा माणसं असताना, एकेक करून काढायचे. आणि त्याआधी ठरवायचं की यातला ठेवायचा कुठला. त्यावर जी चर्चा झाली ती इथे लिहिण्यासारखी नाही.

डेटाबेसमध्ये रीड-ओन्ली किंवा कॉम्प्रेस केलेला फाइलग्रुप (डेटा फाइलींचा गट) असेल तर रिव्हर्ट होत नाही. स्नॅपशॉट घेताना ऑनलाइन असलेली एखादी फाइल आता ऑफलाइन असेल तरी होत नाही. फुल-टेक्स्ट कॅटलॉग (मजकूर शोधायच्या सूची) असतील तर ते रिव्हर्टमध्ये उडतात. आणि सगळं नीट पार पडलं तरी एक गोष्ट मागे उरते, जी कुणी सांगत नाही: रिव्हर्टमध्ये ट्रान्झॅक्शन लॉग (प्रत्येक बदलाची नोंदवही) नव्याने बांधला जातो, त्यामुळे लॉग बॅकअपची साखळी तिथे तुटते. म्हणून मागे गेल्या गेल्या पहिलं काम म्हणजे फुल बॅकअप. तो होईपर्यंत पुढचे लॉग बॅकअप उभे राहायला पाया नसतो. आणि रिव्हर्टच्या आधीची शेवटची काही मिनिटं पुढे कुणी मागितली तर? म्हणून रिव्हर्टच्या आधीही एक लॉग बॅकअप घेऊन ठेवायचा. “मागे कशाला हवंय ते, तिथे तर सगळं बिघडलं होतं” असं त्या क्षणी सगळे म्हणतात. सकाळी हिशेबवाले विचारतात.

आता बॅकअप फाइलकडे. इथे पहिलं घोडं अडतं ते व्हर्जनवर. नव्यावर घेतलेला बॅकअप जुन्यावर चढत नाही. एसक्यूएल सर्व्हर प्रत्येक डेटाबेसवर एक अंतर्गत क्रमांक कोरून ठेवतो: 2016चा 852, 2017चा 869, 2019चा 904, 2022चा 957. 957चा बॅकअप 2019ला दिला की तो 3169 एरर देऊन हात वर करतो. यावर हमखास येणारा उपाय म्हणजे, “अगं, कम्पॅटिबिलिटी लेव्हल खाली आण ना!” ती खाली आणली तर क्वेरी जुन्या पद्धतीने वागतील, एवढंच. फाइलमधली मांडणी नवीच राहते, आणि जुन्या सर्व्हरला ती वाचता येत नाही.

उलट्या दिशेने, म्हणजे जुन्याचं नव्यावर, चालतं. पण तो एकेरी रस्ता आहे. रिस्टोअरच्या शेवटी मेसेजमध्ये ओळ येते, की डेटाबेस अमुक क्रमांकावरून तमुक क्रमांकावर बदलत आहे. ती ओळ दिसली की तो डेटाबेस परत जुन्यावर जाणार नाही, हे समजून घ्यायचं. ज्यांनी टेस्ट सर्व्हर आधी अपग्रेड केलाय, तिथे आठवडाभर डेटा साफसूफ केलाय आणि आता तो ‘फक्त बॅकअपने’ प्रॉडक्शनवर न्यायचाय, त्यांना मी खुर्ची देते, पाणी देते आणि मग सांगते. मग उरतं ते टेबलांची स्क्रिप्ट काढणं आणि डेटा वेगळा ओढणं.

मायएसक्यूएलमध्येही हेच. 8.0 वरून 5.7 वर परतीची वाट नाही. तुम्ही म्हणाल, डंप, म्हणजे डेटा पुन्हा भरायच्या आज्ञांची फाइल, तर नुसता मजकूर असतो, तो कुठेही चालेल. तो मजकूर उघडून पाहा: 8.0ने टेबलांना आपलं नवं डिफॉल्ट कोलेशन (मजकुराची तुलना आणि क्रम लावायचे नियम), ‘यूटीएफ8एमबी4_0900_एआय_सीआय’, लावलेलं असतं. 5.7ला ते नावच ठाऊक नाही, आणि मग एरर 1273. शोधून-बदलून मार्ग काढता येतो, पण सॉर्टिंगचे नियम बदलतात हे लक्षात ठेवूनच. दुसरी खोच टेबलांच्या नावातल्या लहान-मोठ्या अक्षरांची. विंडोजवरचा मायएसक्यूएल ती नावं लहान अक्षरांत साठवतो, लिनक्सवरचा जशीच्या तशी. हे ठरवणारी सेटिंग 8.0पासून सर्व्हर पहिल्यांदा उभा करतानाच द्यावी लागते, नंतर बदलता येत नाही. म्हणजे तिथे ‘रिस्टोअर करू आणि मग सेटिंग बघू’ चालत नाही. सर्व्हर पुन्हा पहिल्यापासून उभा करायचा.

पोस्टग्रेसमध्ये दोन जाती आहेत आणि दोन्हींचे नियम वेगळे. पीजी_डंपने काढलेला लॉजिकल बॅकअप नव्या व्हर्जनवर आरामात चढतो. फाइलींची प्रत, म्हणजे डिस्क स्नॅपशॉट किंवा बेसबॅकअप, मात्र त्याच मेजर व्हर्जनवर चालते. 15ची डेटा डिरेक्टरी 16ला दिली की तो ‘डेटाबेस फाइली या सर्व्हरशी जुळत नाहीत’ म्हणतो आणि सुरूच होत नाही. शिवाय तो अख्खा क्लस्टर, म्हणजे त्या सर्व्हरवरचे सगळे डेटाबेस, असतो. त्यातला एकच डेटाबेस उचलून दुसऱ्या चालत्या सर्व्हरमध्ये ठेवता येत नाही. इथवर ठीक. सर्व्हर सुरूच झाला नाही तर निदान कळतं तरी.

मला भीती वाटते ती सुरू होणाऱ्याची. हे जरा सविस्तर सांगते, कारण हे प्रकरण मी प्रत्यक्ष निस्तरलंय. एका ग्राहकाकडे जुन्या लिनक्सवर पोस्टग्रेस होता. ऑपरेटिंग सिस्टिम बदलायची ठरली. डेटाच्या डिस्कचा स्नॅपशॉट घेतला, नव्या लिनक्सच्या मशीनला जोडला, पोस्टग्रेसचं व्हर्जन तेच ठेवलं. सुरू झाला. लॉगमध्ये एकही एरर नाही. अ‍ॅप्लिकेशन जोडलं, सगळे खूश. काही दिवसांनी तक्रारी यायला लागल्या, की काही ग्राहक कोड शोधले तर सापडत नाहीत, पण पूर्ण यादी काढली तर त्यात दिसतात. त्याहून वाईट, युनिक असलेल्या रकान्यात तोच कोड दोनदा.

पाणी मुरत होतं ते पोस्टग्रेसमध्ये नव्हे, खाली ऑपरेटिंग सिस्टिममध्ये. पोस्टग्रेस मजकुराचा क्रम ठरवायला बहुतेक वेळा सिस्टिमच्या जीलिबसी लायब्ररीवर अवलंबून असतो. 2018मध्ये आलेल्या जीलिबसी 2.28ने हे क्रमाचे नियम मोठ्या प्रमाणात बदलले. सगळ्यात सोपी तपासणी अशी: ‘1-1’ आणि ‘11’ ही दोन मूल्यं अमेरिकन इंग्रजीच्या यूटीएफ-8 लोकेलमध्ये (भाषेच्या सेटिंगमध्ये) सॉर्ट करून पाहा. जुन्या लायब्ररीवर 11 आधी येतो आणि 1-1 नंतर. नव्यावर 1-1 आधी, 11 नंतर. आता बी-ट्री इंडेक्सचा, म्हणजे शोध जलद करणाऱ्या झाडासारख्या सूचीचा, विचार करा. तो जुन्या क्रमाने रचलेला आहे आणि शोधणारा नव्या नियमाने डावीकडे-उजवीकडे वळतोय. चुकीच्या फांदीवर जातो, तिथे काही नसतं, आणि प्रामाणिकपणे सांगतो, “असा कोड नाही.” युनिक तपासणीही त्याच इंडेक्सवरून होते, म्हणून दुसरी नोंद बिनबोभाट आत शिरते. त्यांचे ग्राहक कोड नेमके डॅशवाले होते.

इलाज म्हणजे मजकुराच्या रकान्यांवरचे सगळे इंडेक्स पुन्हा बांधणं. पण त्याआधी दुहेरी नोंदी शोधून मिटवाव्या लागतात, नाहीतर युनिक इंडेक्स बांधलाच जात नाही. आणि दोनांपैकी खरी नोंद कुठली हे डीबीएने (डेटाबेस सांभाळणाऱ्याने) ठरवायचं नसतं, त्याला धंद्याची माणसं लागतात. वेळ तिथे गेला, इंडेक्समध्ये नाही. अ‍ॅमचेक नावाचं एक्स्टेन्शन इंडेक्सचा क्रम तपासून देतं, ते आधी चालवावं. पोस्टग्रेस 15पासून डेटाबेसच्या मुख्य कोलेशनची आवृत्ती नोंदलेली असते आणि जुळली नाही तर जोडणी करतानाच इशारा येतो. तो इशारा लॉगमध्ये दाबून टाकणारे महाभाग आहेत, त्यांना माझा दुरून नमस्कार. ज्यांनी डेटाबेस ‘सी’ लोकेलमध्ये ठेवलाय त्यांना हा त्रास नाही. डंप घेऊन चढवणाऱ्यांनाही नाही, कारण तिथे इंडेक्स नव्या मशीनवर नव्याने बांधले जातात. पण कित्येक टेराबाइटचा डंप कोण चढवत बसणार, म्हणून सगळे डिस्कच जोडतात, आणि मग हे.

जागेबद्दल थोडक्यात. बॅकअप फाइल 40 जीबीची आहे म्हणून 60 जीबीची डिस्क दिली, असं करू नका. एसक्यूएल सर्व्हर रिस्टोअर करताना मूळ फाइल जेवढ्या आकाराच्या होत्या तेवढ्या पुन्हा तयार करतो, त्या आतून रिकाम्या असल्या तरी. ‘रिस्टोअर फाइललिस्टओन्ली’ ही आज्ञा आधी चालवली की प्रत्येक फाइलचा आकार बाइटमध्ये समोर येतो. शिवाय मूळचे पाथही दिसतात, जे नव्या सर्व्हरवर नसतील तर ‘मूव्ह’ देऊन बदलावे लागतात. एक्सप्रेस एडिशनवर उतरवायचं असेल तर 2008 आर2पासून 2022पर्यंत डेटा फाइलींना एका डेटाबेसमागे 10 जीबीची मर्यादा आहे. ती ओलांडली की 1827 एरर. लॉग त्या मर्यादेत धरत नाहीत.

आणि हो, रिस्टोअर शून्य टक्क्यावर ‘लटकला’ म्हणून मारून टाकायची घाई करू नका. इन्स्टंट फाइल इनिशियलायझेशनची परवानगी दिली असेल तर डेटा फाइल चटकन तयार होतात, पण लॉग फाइल शून्यांनी भरावीच लागते. कुणी कधी लॉग 200 जीबीपर्यंत वाढू दिला असेल तर टक्केवारी हलण्याआधी तेवढे शून्य लिहिले जातायत. मध्येच मारलं की पुन्हा पहिल्यापासून. चहा घ्या.

आता डेटाबेसच्या बाहेर राहणाऱ्या गोष्टी. माझ्या मते रिस्टोअरच्या कामातला हाच सगळ्यात दुर्लक्षित भाग. एसक्यूएल सर्व्हरमध्ये युजर डेटाबेसमध्ये असतो, पण त्याचं लॉगिन मास्टर या सर्व्हरच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये. दोघांची गाठ नावाने नाही, एसआयडी या अंतर्गत ओळख क्रमांकाने बांधलेली असते. नव्या सर्व्हरवर त्याच नावाचं लॉगिन तयार केलं तरी एसआयडी वेगळा, म्हणून युजर अनाथ. नाव दिसतंय, पासवर्ड बरोबर आहे, तरी आत येता येत नाही. ‘ऑल्टर युजर’ने जोडून देता येतं, त्याहून बरं म्हणजे लॉगिन तयार करतानाच जुना एसआयडी द्यायचा. शेड्यूल केलेले जॉब एमएसडीबी या दुसऱ्या सिस्टिम डेटाबेसमध्ये असतात, लिंक्ड सर्व्हर मास्टरमध्ये; यातलं काहीही तुमच्या डेटाबेसच्या बॅकअपमध्ये नसतं. पोस्टग्रेसमध्ये रोल (युजर आणि त्यांचे अधिकार) हे क्लस्टरचे असतात, म्हणून पीजी_डंपमध्ये ते येत नाहीत. पीजी_डंपऑल फक्त ग्लोबल गोष्टींसाठी वेगळा चालवावा लागतो. एक्स्टेन्शनच्या बाबतीत डंपमध्ये ‘हे एक्स्टेन्शन तयार कर’ एवढी ओळ असते. त्याचं पॅकेज नव्या मशीनवर तुम्हीच बसवायचं. मायएसक्यूएलमध्ये व्ह्यू आणि प्रोसिजरच्या मागे ‘डिफायनर’ (ज्याच्या अधिकाराने ते चालतात तो युजर) चिकटलेला असतो, आणि मॅनेज्ड सर्व्हिसवर सुपर अधिकार मिळत नाहीत म्हणून डंप तिथे 1227 देऊन अडतो.

सगळ्यात वाईट अवस्था एन्क्रिप्शनची. टीडीई (डिस्कवरचा डेटा आपोआप एन्क्रिप्ट करणारी एसक्यूएल सर्व्हरची सोय) चालू असलेल्या डेटाबेसचा बॅकअपही एन्क्रिप्टेड असतो. तो दुसऱ्या सर्व्हरवर उघडायला मूळ सर्टिफिकेट आणि त्याची प्रायव्हेट की, दोन्ही लागतात. नसेल तर 33111: या ठशाचं सर्टिफिकेट सापडत नाही. मूळ सर्व्हर जिवंत असेल तर तिथून काढून आणता येतं. तो जळाला असेल, म्हणून तर तुम्ही रिस्टोअर करताय ना? मग त्या बॅकअपचं वजन फक्त डिस्कला. मी नव्या ठिकाणी काम हातात घेते तेव्हा बॅकअप कुठे आहेत हे नंतर विचारते; आधी विचारते सर्टिफिकेटचा बॅकअप कुठे आहे आणि त्याचा पासवर्ड कुणाला माहीत आहे. बॅकअपच्याच फोल्डरमध्ये आहे असं उत्तर आलं तरी ते बरोबर उत्तर नाही, चोरणाऱ्याचं काम तेवढं सोपं करू नये. क्लाउडवर हीच गोष्ट केएमएसच्या, म्हणजे किल्ल्या सांभाळणाऱ्या सेवेच्या, किल्लीची. एडब्ल्यूएसवर किल्ली काढून टाकायला लावली की 7 ते 30 दिवसांची वाट पाहण्याची मुदत असते. ती संपली की त्या किल्लीवरचे स्नॅपशॉट यादीत दिसतात, उघडत नाहीत.

क्लाउडचा विषय निघालाच आहे तर आरडीएस या अमेझॉनच्या डेटाबेस सेवेबद्दल. तिथे स्नॅपशॉट चालत्या इन्स्टन्सवर रिस्टोअर होतच नाही. नेहमी नवा इन्स्टन्स तयार होतो, नव्या एंडपॉइंटसह. “जुन्यावरच टाक ना” याला उत्तर एवढंच, की जुन्याचं नाव बदला आणि मग नव्याला जुनं नाव द्या, म्हणजे अ‍ॅप्लिकेशनला पत्ता बदलावा लागणार नाही. पॅरामीटर ग्रुप आणि सिक्युरिटी ग्रुप सांगितले नाहीत तर डिफॉल्ट लागतात. मग ‘रिस्टोअर झाला पण कनेक्ट होत नाही’ किंवा ‘रिस्टोअर झाला पण स्लो आहे’ अशी तिकिटं येतात. डिस्क मूळपेक्षा लहान करता येत नाही. फक्त एक टेबल हवं असेल तरी अख्खा इन्स्टन्स उभा करायचा, त्यातून टेबल काढायचं आणि इन्स्टन्स मोडायचा. ऑटोमेटेड बॅकअप जास्तीत जास्त 35 दिवस राहतात. दुसऱ्या अकाउंटला स्नॅपशॉट द्यायचा असेल तर तो मॅन्युअल हवा, आणि एन्क्रिप्टेड असेल तर डिफॉल्ट किल्लीवर नव्हे, आपल्या स्वतःच्या किल्लीवर हवा.

यातली एक गोष्ट आकड्यांत दिसत नाही म्हणून सांगते. इन्स्टन्स ‘उपलब्ध’ दिसायला लागला तरी सगळा डेटा डिस्कवर आलेला नसतो. ब्लॉक पहिल्यांदा मागितला की तो मागून एस3 या अमेझॉनच्या साठवणीतून ओढला जातो. म्हणून पहिल्या काही तासांत एरवी झटक्यात येणारी क्वेरी रेंगाळते. परफॉर्मन्स टेस्टसाठी ताजा रिस्टोअर वापरणाऱ्यांचे आकडे मी मनावर घेत नाही. आधी मोठी टेबलं एकदा पूर्ण वाचून काढा, मग घड्याळ लावा.

डेटा आणि लॉग वेगवेगळ्या डिस्कवर असतील तर स्नॅपशॉट दोन्हींचा एकाच क्षणी झाला पाहिजे. डेटा दहा वाजताचा आणि वॉल (पोस्टग्रेसचा ट्रान्झॅक्शन लॉग) दहा वाजून दोन मिनिटांचा, असं पोस्टग्रेसला चालत नाही. एका क्षणी घेता येत नसेल तर बॅकअप सुरू-समाप्तच्या आज्ञा द्यायच्या (15पासून त्यांची नावं बदलली आहेत, जुन्या स्क्रिप्ट तपासा), आणि मधला सगळा वॉल सोबत ठेवायचा. अशा प्रतीत ‘बॅकअप_लेबल’ नावाची एक छोटी फाइल असते. वॉल सापडला नाही की पोस्टग्रेस सुरू व्हायला नकार देतो, आणि त्याच्या सूचनेत लिहिलेलं असतं की तुम्ही बॅकअपमधून रिस्टोअर करत नसाल तर ही फाइल काढून पाहा. लोक त्यातला ‘नसाल तर’ गाळून वाचतात. फाइल काढली की सर्व्हर सुरू होतो, अगदी आनंदाने, आणि आतला डेटा विस्कटलेला असतो. त्याच सूचनेत पुढे याचा इशाराही दिलेला आहे, पण तिथवर वाचतो कोण.

इतरांचं पटकन उरकते. इलॅस्टिकसर्चचा स्नॅपशॉट जुन्या व्हर्जनवर उतरत नाही, आणि 6च्या काळात तयार झालेला इंडेक्स 8वर सरळ चढत नाही. त्याच नावाचा उघडा इंडेक्स असेल तर आधी तो बंद करा किंवा नाव बदलून उतरवा. रेडिसमध्ये आरडीबी (स्नॅपशॉटची) फाइल ठेवायच्या आधी सर्व्हर थांबवा, नाहीतर बंद होताना तो आपली स्वतःची प्रत तिच्यावर लिहून मोकळा होतो. आणि एओएफ (प्रत्येक बदल नोंदणारी फाइल) चालू असेल तर रेडिस सुरू होताना आरडीबीकडे ढुंकूनही पाहत नाही.

आता समजा सगळ्या अटी पुऱ्या झाल्या आणि प्रत उभी राहिली. तिला आपण प्रत आहोत हे माहीत नसतं. ती उठते ती प्रॉडक्शन म्हणूनच. मेलच्या टेबलात ‘पाठवायचं बाकी’ असलेल्या ओळी तशाच आहेत. अ‍ॅप्लिकेशन जोडलं की ते खऱ्या ग्राहकांना मेल पाठवायला घेतं. मायएसक्यूएल 8.0मध्ये इव्हेंट शेड्यूलर (ठरल्या वेळी कामं चालवणारा) डिफॉल्टनेच चालू असतो. पोस्टग्रेसच्या फाइलींच्या प्रतीत आर्काइव्ह कमांड जुनीच असते, म्हणजे टेस्टचा सर्व्हर प्रॉडक्शनच्या वॉल आर्काइव्हमध्ये लिहायला जातो. लॉजिकल रेप्लिकेशनचं सबस्क्रिप्शन (दुसऱ्या सर्व्हरवरचे बदल ओढून घेणं) असेल तर तो पब्लिशरकडे, म्हणजे बदल पाठवणाऱ्या सर्व्हरकडे, जाऊन प्रॉडक्शनच्याच स्लॉटवर (जोडणीच्या जागेवर) हक्क सांगतो.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. मशीनचं बाहेर जाणारं नेटवर्क बंद. पोस्टग्रेस असेल तर सुरू करायच्या आधी कॉन्फिगमध्ये आर्काइव्ह मोड बंद आणि लॉजिकल रेप्लिकेशनचे वर्कर शून्य; मायएसक्यूएल असेल तर इव्हेंट शेड्यूलर बंद ठेवूनच स्टार्ट. मग मेलची रांग रिकामी, सबस्क्रिप्शन स्लॉटपासून तोडून काढलेली, ग्राहकांचे मेल पत्ते आणि फोन नंबर बदललेले. स्टॅटिस्टिक्स ताजे करायचे, एसक्यूएल सर्व्हर असेल तर चेकडीबी (डेटाबेस धड आहे का ते तपासणारी आज्ञा), पोस्टग्रेस असेल तर अ‍ॅमचेक. हे सगळं हिरवं झालं की नेटवर्क उघडायचं आणि डेव्हलपरांना पत्ता पाठवायचा. तोपर्यंत त्यांनी चॅटवर “झालं का?” कितीही वेळा विचारलं तरी.